कोऱ्या पानाला किती गुण?

1924चा जानेवारी नुकता लागला होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगीतकार जॉर्ज गर्शविन बिलियर्ड खेळत होता आणि थोरला भाऊ आयरा शेजारी बसून ‘ट्रिब्यून’ चाळत होता. पेपरात एक बातमी होती. बँडमास्टर पॉल व्हाइटमन 12 फेब्रुवारीला जलसा करणार, ‘अमेरिकन संगीत म्हणजे काय?’ या प्रश्नाचा तिथे निवाडा होणार आणि त्यासाठी गर्शविन जाझ कन्चेर्टो लिहितो आहे. असं काही आपण लिहितो आहोत हे खुद्द गर्शविनच्या गावीही नव्हतं! व्हाइटमनशी पूर्वी कधीतरी मोघम बोलणं झालं होतं, एवढंच. आता हातात जेमतेम पाच आठवडे होते.

बातमीत परीक्षकांची नावंही होती: पियानोवादक-रचनाकार रखमानिनोव्ह, व्हायोलिनवादक हायफेट्झ आणि झिम्बालिस्ट, आणि गायिका अल्मा ग्लुक. अमेरिकन संगीताचा निकाल लावणाऱ्या या चौघांत अमेरिकेत जन्मलेलं एकही नव्हतं आणि जाझवर तर कुणाचंच पोट नव्हतं. अभिजात आणि जाझ यांच्या संगमाला मार्क द्यायचे तर खुर्चीत कोणाला बसवायचं, हा घोळ असा शंभर वर्षं जुना आहे.

गर्शविनने घाईघाईत जे लिहिलं ते म्हणजे ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’. तेव्हा तो 25 वर्षांचा होता. वाद्यवृंदासाठी मांडणी फर्डे ग्रोफेने केली, पण पियानोचा सगळा भाग कागदावर उतरवायला वेळच उरला नाही. मग ग्रोफेच्या प्रतीत एका ठिकाणी व्हाइटमनसाठी नुसती सूचना लिहिली गेली: मान हलेपर्यंत थांबा. गर्शविनने तिथे मनाला येईल तसं वाजवायचं, मान डोलवायची, की वाद्यवृंदाने उचलायचं.

हीच प्रत आजच्या एखाद्या तरुण संगीतकारांच्या स्पर्धेत आली तर? परीक्षकांसमोर नोटेशनचा गठ्ठा असतो, आणि पक्षपात नको म्हणून अनेकदा नाव झाकलेलं असतं. त्यात मधलीच जागा रिकामी. अपूर्ण म्हणून ती बाजूला पडण्याचीच शक्यता जास्त.

आपल्याकडच्या श्रोत्याला यातली मेख चटकन कळावी. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकात बंदिश स्वरलिपीसकट छापलेली आहे, पण ती वाचून मैफल होत नाही. बढत गायकाच्या गळ्यात असते. पाश्चात्त्य अभिजात परंपरेत रचना म्हणजे मुख्यतः कागदावर जे लिहिलं आहे ते. जाझमध्ये कागदावर कधी नुसती चाल आणि वर कॉर्डची चिन्हं असतात, बाकी उपज. उपजेचंही एक वेळ सोडा, साधी लयसुद्धा कागदावर पुरती मावत नाही. सारख्या लांबीचे म्हणून लिहिलेले दोन सूर जाझवाला एक लांबवून, दुसरा आखडून वाजवतो. त्या झोक्याला ‘स्विंग’ म्हणतात. तेच सिम्फनीतल्या व्हायोलिनांपुढे ठेवा. सूर बिनचूक येतील, झोका येईलच असं नाही.

गुंथर शुलरला ही दुखरी नस दोन्ही बाजूंनी ठाऊक होती. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या वाद्यवृंदात तो फ्रेंच हॉर्न वाजवायचा आणि जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणातही त्याचा हॉर्न आहे. 1957मध्ये ब्रँडाइस विद्यापीठातल्या व्याख्यानात त्याने या संगमाला ‘थर्ड स्ट्रीम’, म्हणजे तिसरा प्रवाह, असं नाव दिलं. पुढे लोक त्या नावाखाली काहीही खपवू लागले, तेव्हा हा प्रवाह म्हणजे काय नव्हे याचीच यादी त्याला करावी लागली. जाझच्या पाठीमागे व्हायोलिनं लावणं नव्हे, जाझवाल्यांनी फ्यूग वाजवणं नव्हे... स्पर्धेच्या परीक्षकांना ही यादी खरोखर उपयोगी पडेल. वरून फोडणी दिलेलं आणि आतून मुरलेलं यातला फरक तिच्यातून कळतो.

संस्थांनी बहुधा दारंच वेगळी ठेवली. अमेरिकेतल्या ‘अ‍ॅस्कॅप’ या 1914 सालच्या संगीतकार-गीतकार संस्थेच्या छत्राखाली तिशीच्या आतल्यांसाठी दोन पुरस्कार आहेत. मॉर्टन गूल्डच्या नावाचा सभागृहीय संगीतासाठी, आणि 2002पासूनचा, आता ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्टच्या नावाचा, जाझसाठी. दोन्हींत पाय असलेल्या मुलीने कोणतं दार ठोठावायचं?

नियमातला एखादा शब्दही किती वजन टाकतो ते संगीताच्या पुलित्झर पुरस्काराच्या इतिहासात दिसतं. तो तरुणांचा पुरस्कार नव्हे, पण ‘रचना’ कशाला म्हणायचं हे तिकडे बरंचसं त्याच्या कलाने ठरत आलं. 1965मध्ये परीक्षकांनी जाझ रचनाकार ड्यूक एलिंग्टनचा खास गौरव सुचवला, मंडळाने तो फेटाळला आणि तिघांपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. 66 वर्षांच्या एलिंग्टनने, इतक्या लहान वयात फार प्रसिद्ध होऊ नये अशी नियतीची इच्छा दिसते, असं म्हणून विषय संपवला. पुढे, न लिहिलेला भाग सोडून उरलेल्याचं नोटेशन आणि संपूर्ण कृतीचं ध्वनिमुद्रण चालेल अशी सवलत आली, आणि 1997मध्ये विंटन मार्सालिसच्या ‘ब्लड ऑन द फील्ड्स’ला पुरस्कार मिळाला. जाझला मिळालेला तो पहिला. 2004मध्ये नोटेशनची सक्तीच उठली. तीन वर्षांनी ऑर्नेट कोलमनच्या ‘साउंड ग्रामर’ला मान मिळाला, आणि ते होतं जर्मनीतल्या एका मैफलीचं ध्वनिमुद्रण. संगीत पूर्वीही होतंच, अर्जाचा नमुना बदलला!

अभिजात आणि जाझ अशा दोन्हींत पाय ठेवून जगणं गोव्याला नवं नाही. चर्चच्या शाळांत मेस्त्रींकडे, म्हणजे संगीतशिक्षकांकडे, नोटेशन वाचायला शिकलेले वादक मुंबईत आले, हॉटेलांत जाझ वाजवू लागले आणि सिनेमाच्या स्टुडिओंतही दिसू लागले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, ताज हॉटेलात वाजवायचा आणि संगीतकार सी. रामचंद्रांना साथही करायचा. ‘अलबेला’ चित्रपटात तर तो पडद्यावरही आहे. कागद आणि उपज ही दोन दारं त्याच्यासाठी एकाच घराची होती. त्याबद्दल त्याला कोणी पारितोषिक दिलं नाही, हेही खरं.

मला विचाराल तर तरुण संगीतकारांच्या अशा स्पर्धेची पहिली फेरी कागदावर होऊच नये. रचना वाजवून घ्यावी, तीही दोनदा, आणि दोन्ही वेळा तिच्यातल्या कोऱ्या जागेत काय घडलं ते ऐकावं. खर्च वाढेल, मान्य. अमेरिकन कम्पोझर्स ऑर्केस्ट्राने जाझच्या रचनाकारांसाठी 2010मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात निदान त्यांनी लिहिलेलं सिम्फनीकडून प्रत्यक्ष वाजवून घेतलं. लिहिणाऱ्याला आपली चूक अशा वेळी डोळ्यांऐवजी कानांनी कळते.

‘ऱ्हॅप्सडी’ची सुरुवात क्लॅरिनेटच्या एका लांब, वर घसरत जाणाऱ्या स्वरओढीने होते. गर्शविनने तिथे सतरा सुटे सूर लिहिले होते. तालमीत क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने थट्टेने ते एका दमात ओढले आणि गर्शविनला ते इतकं आवडलं की तेच ठेवायला सांगितलं. आता ती ओढ छापील प्रतीत आहे आणि वाद्यवृंदात जागा हवी असलेली क्लॅरिनेटची पोरं गॉर्मनची ती थट्टा महिनोन्‌महिने घोटत बसतात.