भूमिका मान्य करणाऱ्याची चूक

नाटकात काय किंवा खेळात काय, प्रत्येक भूमिकेच्या मागे एक मान्यता असते. 'हे पात्र मी करू का?' असे कोणी विचारतो आणि ज्याच्याकडे तो अधिकार असतो तो होकार देतो. हा होकार देताना मागणाऱ्याची योग्यता पुष्कळदा तपासली जाते. देणाऱ्याच्या हातून चूक झाल्यास पुढे काय करावे, याचा विचार मात्र क्वचितच आधी केलेला असतो. संगणकाच्या जाळ्यावरून एकत्र येऊन काल्पनिक जगात पात्रे वठविणाऱ्या मंडळींपुढे हा प्रश्न आज वारंवार उभा राहतो. तो वरवर नवा दिसत असला, तरी दुसऱ्याला भूमिका सोपविण्याची जबाबदारी फार जुनी आहे. म्हणून प्रथम एका जुन्या रंगपरंपरेकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम तालुक्यात मेलट्टूर नावाचे गाव आहे. नायक राजा अच्युतप्पा याने येथे ब्राह्मण कुटुंबांना जमिनी देऊन वसविले, असे परंपरा सांगते. पुढे तंजावरवर भोसल्यांचे राज्य असताना याच गावी मेलट्टूर वेंकटराम शास्त्री (१७४३–१८०९) यांनी 'प्रह्लादचरित्र', 'हरिश्चंद्र', 'उषापरिणय' अशी तेलुगू नृत्यनाटके रचली. मराठी वाचकाला हा प्रदेश परका वाटू नये. कारण सांगलीस १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर येण्यापूर्वी दीडएक शतक तंजावरच्या शहाजी राजाच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती.

मेलट्टूरच्या या नाट्यप्रकाराला भागवत मेळा म्हणतात. दरवर्षी नृसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर रात्री हे खेळ होतात. सर्व पात्रे, स्त्रीपात्रेसुद्धा, पुरुषच करतात. आरंभी कोणंगी हा विदूषक येतो, नंतर गणपतीचा मुखवटा घातलेला एक मुलगा प्रवेश करतो आणि मग कथेला सुरुवात होते. अनेक भूमिका घराण्यांत वंशपरंपरेने चालत आलेल्या असतात. त्यामुळे ऐन वेळी निवड करण्याचा प्रसंग फारसा येत नाही, आणि निवडीतील चुकीचा प्रश्नही दबून राहतो. अर्थात या व्यवस्थेची किंमतही आहे. जन्माने दार उघडते, तसे ते पुष्कळांना बंदही होते.

तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. 'प्रह्लादचरित्रा'तील नृसिंहाचा मुखवटा हा पूजेचा मुखवटा आहे. तो धारण करणारा नट त्या दिवशी उपवास करतो. अखेरच्या प्रसंगी त्याच्या अंगात संचार होतो, आणि हिरण्यकशिपूची भूमिका करणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून त्याला आवरण्यासाठी माणसे आधीपासून जवळ उभी केलेली असतात. नटाचा तोल सुटला, तर त्याबद्दल त्याला कोणी दोषी धरीत नाही. त्याला तो मुखवटा समाजानेच दिला आहे; तेव्हा त्याचे परिणाम सावरण्याची तजवीजही समाजानेच केली पाहिजे, अशी ही समजूत आहे.

आता आधुनिक खेळाकडे वळू. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र निर्माण करतो, आणि ते पात्र त्या जगात बसते की नाही हे खेळ चालविणारा सूत्रधार ठरवितो. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असे शब्दांनी रचलेले जग संगणकावर उभारले. पुढे अशा जगांची संख्या वाढली. जेथे पात्रांच्या लेखनावर भर असतो तेथे नव्या खेळाडूला आपल्या पात्राचे नाव, वय, पूर्वेतिहास, सामर्थ्य आणि उणिवा लिहून द्याव्या लागतात. मॉडरेटर, म्हणजे नियामक, ते वाचून मान्यता देतो. त्यानंतरच पात्र कथेत प्रवेश करते.

हा नियामक बहुधा हौशी आणि विनावेतन काम करणारा असतो. अर्ज पुष्कळ असतात, नियम लांबलचक असतात, आणि चूक होते. ही चूक साधारणतः तीन प्रकारची असते. नियमाविरुद्ध असलेले सामर्थ्य नजरेतून निसटते. आधीच दिलेली जागा दुसऱ्यालाही दिली जाते. किंवा नियमच संदिग्ध असल्यामुळे दोन नियामक दोन प्रकारे निर्णय देतात. पहिल्या प्रकाराचे एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, काही जणांनी नायककालीन तंजावरच्या धर्तीवर एक राज्य कल्पिले आहे. तेथे दरबारी कारस्थाने चालतात. म्हणून दुसऱ्याच्या मनातले कोणाही पात्राला ओळखता येणार नाही, असा नियम आहे. एका खेळाडूने वैद्याचे पात्र लिहून पाठविले. 'नाडी पाहून समोरचा काय लपवीत आहे ते हा जाणतो,' असे वाक्य वर्णनाच्या शेवटी होते. नियामकाने ते घाईत ओलांडले आणि मान्यता दिली. सहा आठवड्यांत या वैद्याने कोतवालाचे गुपित शोधले, एका व्यापाऱ्याचा कट उघडकीस आणला, आणि आणखी चौघांनी त्या घटनांवर आपापल्या कथा रचल्या. मग कोणीतरी नियमाकडे बोट दाखविले.

अशा वेळी दोन टोकांचे मार्ग चटकन सुचतात. एक म्हणजे मान्यता रद्द करून सहा आठवड्यांचे सर्व लेखन पुसून टाकणे. यात नियम वाचतो. पण ज्यांनी कसलीही चूक केली नाही अशा सहा-सात जणांचे श्रम बुडतात. दुसरा मार्ग म्हणजे 'झाले ते झाले' म्हणून गप्प बसणे. मग पुढचा खेळाडू तेच सामर्थ्य मागतो, त्याला नकार मिळतो, आणि पक्षपाताचा संशय पसरतो. पहिल्या मार्गात चुकीचा भार खेळाडूवर पडतो, दुसऱ्यात तो सर्व समाजावर पडतो. ज्याची चूक त्याच्यावर मात्र तो दोन्हीत पडत नाही.

कायद्याला हा पेच अपरिचित नाही. उत्तर प्रदेश सरकारने नव्या कारखान्यांना विक्रीकरात सूट देण्याचे आश्वासन दिले. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने त्यावर विसंबून वनस्पती तुपाचा कारखाना उभारला, आणि नंतर सरकारने शब्द फिरविला. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दिलेल्या वचनावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली असेल, तर वचन देणाऱ्याला सहजासहजी मागे फिरता येत नाही. मात्र लोकहिताची बाजू भारी ठरल्यास या तत्त्वालाही मर्यादा पडते. खेळ हा काही कारखाना नव्हे. तरीही विसंबून राहिलेल्या माणसाचे न्याय्य हित दोन्हीकडे सारखेच आहे.

यावरून वैद्याच्या प्रकरणी काय करावे ते स्पष्ट होते. प्रथम नियामकाने त्या खेळाडूशी खाजगीत बोलावे आणि चूक आपली आहे हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. 'तुम्ही नियम वाचायला हवा होता' हे वाक्य खरे असले तरी येथे अप्रस्तुत आहे. वाचून होकार देणे हेच तर नियामकाचे काम होते. त्याची बाजू ऐकण्यापूर्वी निर्णय जाहीर करू नये. दुसरी गोष्ट, जे खेळून झाले ते घडलेले मानावे. कोतवालाचे गुपित फुटले ते फुटलेच. तिसरी, बदल पुढच्यासाठी करावा आणि त्याची रीत खेळाडूला निवडू द्यावी. वैद्याची बोटे आजारात बधिर झाली, असे तो लिहू शकेल. किंवा नाडीवरून केवळ भीती ओळखता येते, विचार नव्हे, अशी मर्यादा घालू शकेल. कथेतूनच आलेला असा बदल पुष्कळदा पात्राला अधिक खोली देतो. चौथी, सर्वांना थोडक्यात कळवावे की मान्यतेत चूक झाली होती, खेळाडूचा दोष नाही, आणि ही सवलत पुढे कोणाला मिळणार नाही. वाद राहिलाच, तर निर्णय दुसऱ्या नियामकाने द्यावा. कारण स्वतःच्या चुकीचा न्याय स्वतः करणे कठीण असते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. एखादे पात्र इतर माणसांना छळण्याचे साधन बनले असेल, तर ते तत्काळ थांबवावे. चर्चा नंतर करावी. पाव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात सुरू केलेल्या लॅम्डामू या शब्दजगात हा धडा कष्टाने शिकला गेला. १९९२ मध्ये तेथील व्यवस्थापकांनी सभासदांच्या भांडणांतून अंग काढून घेतले. १९९३ मध्ये एका पात्राने इतर पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली. सभासदांत पुष्कळ चर्चा झाली, निर्णय होईना, आणि अखेर एका व्यवस्थापकाने एकट्याच्या जबाबदारीवर ते पात्र नष्ट केले. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदान यांची पद्धत आणली. परंतु १९९६ मध्ये व्यवस्थापकांना जाहीर करावे लागले की सामाजिक निर्णय आपण घेतच होतो आणि यापुढेही घेऊ. अधिकार आपल्या हाती असताना तो नाही असे भासविल्याने जबाबदारी टळत नाही, हे या चार वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले.

शेवटी राहते ती नोंद. कोणते वाक्य नजरेतून सुटले, ते का सुटले, आणि नियमाच्या मसुद्यात कोणता बदल केला, हे दोन-चार ओळींत लिहून ठेवावे. पुढच्या नियामकाला त्याचा उपयोग होतो. अवघड सामर्थ्य असलेले पात्र दोघांनी वाचावे, किंवा पहिला महिनाभर त्याला तात्पुरती मान्यता द्यावी, अशी तजवीज त्यातूनच सुचते. मुखवटा देण्यापूर्वीच आवरणारी माणसे नेमून ठेवणाऱ्या मेलट्टूरकरांनी हेच शहाणपण आपल्या रीतीत बसविले आहे.