घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं प्रेशर, आणि पावसाळ्यातलं खारं



1 जून ते 31 जुलै बंदी. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि ताटात उन्हाळ्यात सुकवून ठेवलेलं खारं. याच दिवसांत आमच्या मावशीला, वय 74, हॉस्पिटलात ॲडमिट करावं लागलं. सकाळी उठली ती डोकं धरूनच. उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रेशर 210/116. गोळ्यांचं पाकीट कपाटात तसंच, तीन आठवडे हात न लावलेलं. विचारलं तर म्हणते, "माका काय जावक ना, मगे गोळी कित्याक?"

हे उत्तर पेडण्यापासून डिचोलीपर्यंत घराघरात मिळेल. प्रेशर दुखत नाही, हीच त्याची खोड. ताप उतरला की आपण औषध बंद करतो, तसं इथे चालत नाही. मशीन 130 दाखवतं ते गोळी चालू आहे म्हणून. इंजिन बरं चालतंय म्हणून कोणी ऑइल घालायचं सोडतं का?

त्या सकाळी शेजारच्या काकी आपली स्वतःची गोळी घेऊन धावत आल्या, जिभेखाली ठेवायला. माया खरी, पण आम्ही दिली नाही. प्रेशर एकदम खाली पाडलं तर मेंदूला रक्त कमी पडतं. हॉस्पिटलात ते सावकाश, तासातासाने मोजत उतरवतात.

डॉक्टरांनी मिठाच्याही आधी एक प्रश्न विचारला: दुखण्याच्या गोळ्या घेते का? घेत होती. गुडघ्यासाठी, रोज, फार्मसीतून अशाच आणलेल्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी प्रेशर वाढतं, प्रेशरच्या औषधाचा जोर कमी होतो, मूत्रपिंडालाही मार बसतो. रापण ओढून ओढून कंबर गेलेले, पाटी उचलून मान गेलेली, अशी माणसं आपल्यात किती! त्यांतल्या प्रत्येकाच्या खिशात ही गोळी असते. डॉक्टरला सांगायचं मात्र कोणाला सुचत नाही, कारण ती आपल्याला औषध वाटतच नाही.

आता खारं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. खारा बांगडा, सुंगटांची किसमूर, लोणचं, पापड, मीठ लावून सुकवलेली सोलां धरली तर पावसातल्या एका जेवणात हिशेब संपतो. खारं सोडा असं आपल्या माणसाला सांगणं फुकट आहे. पण दोन-तीन पाण्यांत भिजवून ते पाणी ओतून देता येतं, वर आमटीत मीठ घालायचं नाही, आणि रोजचं खारं आठवड्यातून एकदा करता येतं. मावशी कुरकुरली. मग खाडीतली ताजी मासळी मिळाली की गप्प बसायची.

चार दिवसांनी घरी आली. खरा प्रश्न इथे सुरू होतो. 1 ऑगस्टला मुलगे दर्यावर जाणार, सून पहाटेच बाजाराला. घरात उरते कोण? तीच. गोळी घेतली का हे बघणारं माणूस नाही. आम्ही शाळेत जाणाऱ्या नातवाला काम दिलं: चहाबरोबर आजीची गोळी, मग कॅलेंडरवर फुली.

तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्गात हेच काम सरकारी पातळीवर झालं. 2017 मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत तो होता. महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या, नोंद ठेवायची, न आलेल्याचा पाठपुरावा करायचा. एवढंच, पण त्याने फरक पडतो.

साखरही तपासून घ्या. 2023 च्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात देशात सर्वांत जास्त निघालं, 26.4 टक्के. प्रेशर आणि साखर दोन्ही एका अंगात असली तर धोका वाढतो.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हरमल-केरीहून बांबोळी किती लांब ते सांगायला नको. कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. चालू गोळ्यांची पाकिटं आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड एकाच पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. कार्डाची मुदत संपली असेल तर बंदीच्या दिवसांतच नूतनीकरण करून घ्या, एकदा होड्या सुटल्या की सवड कोणाला?