बीरशहाची समाधी आणि वारसाचा प्रश्न

चंद्रपूरला येणारे बहुतेक लोक ताडोब्यासाठी येतात आणि शहराला वळसा घालून निघून जातात. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून येणारी माणसं मात्र अंचलेश्वर दाराबाहेर झरपट नदीच्या काठी मुक्काम करतात. त्यांच्या मुक्कामापासून थोड्याच अंतरावर, शहराच्या जुन्या तटाच्या आतल्या बाजूला, गोंडराजांच्या समाध्या आहेत. त्यातली सगळ्यांत देखणी समाधी राजा बीरशहाची. चौथऱ्यावर उभी असलेली दगडी वास्तू, कमानी, वर घुमट आणि अंगभर बारीक कोरीवकाम. ही समाधी राणी हिराईनं, म्हणजे बीरशहाच्या बायकोनं बांधून घेतली. तिच्या काळात बांधलेलं महाकालीचं मंदिरही इथून जवळच आहे.

दगड बघून, दोन फोटो काढून परतणाऱ्याला ही समाधी सुंदर वाटेल, पण तिची गोष्ट कळणार नाही. ती गोष्ट वारसाची आहे. मालक गेल्यावर जमीन, घर, राज्य कोणाकडे जातं आणि ते जाईपर्यंत सांभाळतं कोण, हा प्रश्न चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मुलखात तीनशे वर्षं पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याची सुरुवात दाखवायला या समाधीच्या अंगणाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची गोष्ट. बीरशहा दुसऱ्या लग्नाच्या वेळी हिरामण नावाच्या राजपूत सरदाराच्या हातून मारला गेला, असं परंपरा सांगते. त्याला मुलगा नव्हता, मुलगी होती. तिचं नाव मानकुंवर. देवगडच्या गोंड राजघराण्यात ती दिली होती. तिथे तिचा अपमान झाला म्हणून बीरशहानं थेट जावयावर चाल केली आणि त्याचं मुंडकं महाकालीला वाहिलं, ही कथा चंद्रपुरात आजही सांगतात. लेकीच्या अपमानासाठी बाप एवढ्या टोकाला गेला. तरीही राज्याला वारस कोण, हा प्रश्न आला तेव्हाच्या गोष्टीत त्या लेकीचं नाव कुठेच येत नाही. हिराईनं चंदनखेड्याच्या गोंड घराण्यातला रामशहा नावाचा मुलगा दत्तक घेतला. तो लहान होता. म्हणून राज्य तिनं चालवलं, समाधी तिनं बांधली, देऊळ तिनं उभारलं, आणि मुलगा हाताशी आल्यावर, सुमारे १७१९ मध्ये, कारभार त्याच्या हाती गेला.

हिराईला मी चांद्याच्या इतिहासातली सगळ्यांत समर्थ राज्यकर्ती मानतो. खून झालेल्या राजामागे राहिलेलं राज्य फुटू न देता, भाऊबंदांना आवरून, शेजाऱ्यांना रोखून, तिनं ते अखंड पुढच्या हातात दिलं. पण वंशावळीत राजांच्या ओळीत बीरशहानंतर रामशहा येतो. तिचं नाव येतं ते दोघांच्या मधे, राखणदार म्हणून.

तिनं राखलं ते काय होतं, हे बघायचं तर समाधीवरून उठून तटाच्या कडेनं चालावं. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधल्या गावाला वळसा घालणारा हा परकोट काही कोस लांबीचा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर अशी चार मोठी दारं आणि पाच खिडक्या. दारांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, ती गोंडराजांची खूण. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहानं या तटाचं काम सुरू केलं आणि ते पुरं व्हायला पुढच्या कित्येक पिढ्या लागल्या. मधली अनेक वर्षं तटावर झुडपं माजली होती. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी घाम गाळून तो मोकळा केला, म्हणून आज त्यावरून चालता येतं. त्या तरुणांचे उपकार या शहरानं विसरू नयेत.

रामशहानंतर त्याचा मुलगा नीलकंठशहा गादीवर आला. १७५१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा घेतलं, राजाला कैद केलं आणि राज्य संपलं. राजघराण्याच्या वाट्याला पुढे नेमणूक तेवढी उरली. राजवाड्याच्या जागी आज कारागृह आहे.

शंभर वर्षांनी वारसाचा तोच प्रश्न भोसल्यांच्या दारात आला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. राजवाड्यातल्या राण्यांनी, विशेषतः वृद्ध बाकाबाईंनी, दत्तकासाठी जंग जंग पछाडलं. पण लॉर्ड डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. त्यासोबत चांदाही इंग्रजांकडे गेलं. हिराईला जे करता आलं ते बाकाबाईंना करू दिलं गेलं नाही. चांद्याच्या जंगलातल्या एका माडिया आदिवासीला नागपूरच्या दत्तकाशी काय देणंघेणं? पण त्याच्या गावावर सारा कोण बसवणार, हे त्या नाकारलेल्या दत्तकानं ठरवलं.

इंग्रजांनी आल्यावर वारसाचे नियम कागदावर आणले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. १८६३ मध्ये इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं जमीनदाऱ्यांची पाहणी केली. चांद्याचा पहिला मोठा जमीनबंदोबस्त मेजर लुसी स्मिथनं त्याच दशकात पुरा केला, आणि हिराई-बीरशहाच्या कथा आज आपल्याला माहीत आहेत त्या बऱ्याच अंशी त्याच्या अहवालामुळे. या बंदोबस्तात दोन वेगळ्या वाटा पडल्या. वैनगंगेच्या पलीकडच्या जंगलातल्या अहेरी, कोरची, मुरुमगाव, रांगी अशा जमीनदाऱ्या अविभाज्य ठरल्या. जमीनदारी एकाकडेच जायची, बहुधा थोरल्या मुलाकडे. धाकट्यांना पोटगीपुरती गावं. ती विकता यायची नाही, वाटता यायची नाही. वारस अज्ञान असेल तर कोर्ट ऑफ वॉर्ड्स कारभार बघे.

हे नियम लिहिणाऱ्या साहेबांच्या गावाकडचा रिवाज काही फार वेगळा नव्हता. इंग्लंडच्या खेड्यात इस्टेट असलेल्या घराण्यात मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. धाकट्यांनी सैन्य, चर्च किंवा कंपनीची नोकरी धरायची. हिंदुस्थानात आलेले कितीतरी अधिकारी अशाच घरातले धाकटे मुलगे होते. विधवेला हयातीपुरता तिसरा हिस्सा. मुलगे नसतील तर मुलींना जमीन समान मिळे, पण ती पुरुष वारसांपुरतीच बांधून टाकणारे दस्त घराण्यात आधीच केलेले असत, म्हणजे मुली पुन्हा बाहेर. फक्त केंटसारख्या एखाद्या परगण्यात सगळ्या मुलग्यांना सारखा वाटा देण्याची जुनी चाल टिकून होती. थोरल्याचा हा हक्क तिकडे १९२५ च्या कायद्यानं, १ जानेवारी १९२६ पासून, संपला. अहेरीची जमीनदारी त्यानंतरही पंचवीस वर्षं चालली.

अहेरीचं नाव घेतलं की १८५८ आठवतं. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबूराव शेडमाकेनं त्या वर्षी राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्याला मिळाले. जंगलातल्या लढायांत इंग्रजांना तो सापडेना. तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यानं अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईवर दडपण आणलं. तिच्या माणसांनी बाबूरावला पकडून दिलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या कारागृहासमोर त्याला फाशी दिलं. व्यंकटरावांची जमीनदारी जप्त होऊन अहेरीला मिळाली. गडचिरोलीत या प्रसंगाबद्दल बोलताना आवाज अजून चढतात, आणि चढावेतच. बाबूरावच्या मृत्यूचा अपराधी ठरवताना एवढंही बघायला हवं की लक्ष्मीबाईसमोर जमीनदारी वाचवणं की गमावणं, एवढेच दोन पर्याय ठेवले गेले होते. घराण्याची मालमत्ता सांभाळून पुढे द्यायची, हे काम तिच्यावर होतं. त्या कामाची किंमत बाबूरावनं मोजली. हे मला माफ करता येत नाही, पण समजतं.

दुसरी वाट मालगुजारीची. नदीच्या अलीकडे, मूल, ब्रह्मपुरी, वरोरा भागात, गावाचा सारा गोळा करणारे पाटील-मालगुजार इंग्रजी बंदोबस्तात गावाचे मालक झाले. इथे अविभाज्य काही नव्हतं. गाव सोळा आण्यांचं. बाप गेला, चार भाऊ असले की चार-चार आणे. त्यातल्या एकाचे दोन मुलगे, त्यांचे दोन-दोन आणे. तीन पिढ्यांत हिस्सा पैवर यायचा आणि सरकारात सारा भरणारा लंबरदार एकच. वाटणीचे दावे नागपूरपर्यंत जायचे. बहिणींना लग्नात जे दिलं तेवढंच. वाटता न येणारी एकच गोष्ट गावात असायची, ती म्हणजे तलाव.

तळ्यांचीही जुनी कूळकथा आहे. गोंडराजांनी जाहीर केलं होतं की जो तळं बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातली तुकूम वस्ती आज सगळ्यांना ठाऊक आहे. कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेल्या तळ्यांवर या भागातलं धान पिकत आलं. पुढे ती मालगुजारांकडे गेली. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ पासून जमीनदारी-मालगुजारी संपली, तेव्हा तळी सरकारजमा झाली. कागदोपत्री ती माजी मालगुजारी तलाव, आणि बोलताना मामा तलाव. मालक गेले, गाळ काढणारे गेले, पाळी फुटल्या. वारसांनी आपसात भांडून कधीकधी तळं बिघडवलं असेल, पण बिनवारस झाल्यावर त्यांची जी आबाळ झाली ती जास्त वाईट.

आता वारसाची आजची एक गोष्ट अगदी जवळून बघू. तलाठ्याकडे गाव नमुना ६-क असतो, वारस प्रकरणांची नोंदवही. शेतकरी वारला की घरातले अर्ज करतात, तलाठी वारसांची नावं तिथे लिहितो, चौकशी होते, मग फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. कायद्यानं मुलींची नावंही यायला हवीत. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. नावं चढतातही. पण काही महिन्यांत तहसीलच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर बहिणी बसलेल्या दिसतात, हक्कसोडपत्रावर सही करायला. माहेर तुटू नये म्हणून सही होते. भावाची चहापाण्याची धावपळ, बहिणीच्या हातातली पिशवी, लेखनिकानं दाखवलेली जागा. दस्तात लिहिलेलं असतं, स्वखुशीनं.

गोंड, माडिया, परधान कुटुंबांना तर तो कायदाच लागू नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. तिथे चालते ती जमातीची रूढी. जमीन मुलाकडे. विधवेला त्या घरात राहीपर्यंत. मुलगा नसेल तर लमसेना म्हणून सासऱ्याच्या घरी राहून, शेतात राबून लग्न केलेला जावई काही ठिकाणी वारस धरला जातो. म्हणजे लेकीची जमीन जावयाच्या नावानं का होईना, घरात राहते. मात्र लेकीनं स्वतः मागितली तर?

त्याचं उत्तर १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात दिलं. आजोबांच्या जमिनीत आईचा हिस्सा होता, तो आम्हाला द्या, अशी नातवंडांची मागणी होती. बाईला हक्क देणारी रूढी तुम्ही सिद्ध केली नाही, असं सांगून खालच्या न्यायालयांनी ती फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयानं प्रश्न उलटा केला. हक्क नाकारणारी रूढी तरी कुठे सिद्ध झाली आहे? आणि बाई आहे एवढ्याच कारणानं वाटा नाकारणं संविधानाच्या चौदाव्या कलमात बसत नाही. या निकालात १८७५ च्या मध्य प्रांत कायद्याचीही चर्चा झाली, म्हणजे ज्या कायद्याखाली एके काळी चांदाही होतं तोच. हा निकाल धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या ग्रामसभांत वाचून दाखवला गेला पाहिजे, मराठीत आणि गोंडी-माडियातही.

१९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा वनहक्कांच्या बाबतीत देशात पुढे राहिला आहे. तिथल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, ते सगळ्यांना माहीत आहे. ज्या २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो मिळाला, त्यातली वैयक्तिक पट्ट्याची तरतूद मात्र कमी बोलली जाते. हा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. थेट वारस नसेल तर जवळच्या नातलगाकडे जातो. आणि अर्जदार विवाहित असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावाच लागतो. चांदा मुलखातल्या बाईला आजवर जमीन मिळायची ती नवऱ्यानंतर, मुलगा मोठा होईपर्यंत, सांभाळायला. या पट्ट्यावर तिचं नाव नवरा जिवंत असतानाच येतं. उद्या तो गेला तरी ६-क मध्ये तिची नोंद व्हायची वाट बघत तिला तलाठ्याच्या दारात बसावं लागत नाही, कारण अर्धी मालकीण ती पहिल्या दिवसापासूनच असते.