उजळणी वर्ग आणि वाळूजचा प्राध्यापक

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याने नवे यंत्र आणले, म्हणजे ते चालविणाऱ्या कामगाराला त्या यंत्रापाशीच उभे करून शिकविले जाते. जाणता कारागीर शेजारी असतो, चूक झाली तर ती तेथल्या तेथे दाखविली जाते आणि शिकण्याच्या त्या दिवसांची मजुरी सहसा कापली जात नाही. याच वसाहतीच्या आसपास मराठी, हिंदी, इंग्रजी किंवा इतिहास शिकविणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकाच्या वाट्याला मात्र यांतले काहीच येत नाही. त्याला वर्गाच्या दारापर्यंत नेऊन सोडले जाते. प्राथमिक शाळेच्या शिक्षकालाही पदविका घेताना निरीक्षकासमोर सराव पाठ द्यावे लागतात. पदवीच्या वर्गाला शिकविण्यासाठी मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट वा सेटसारखी परीक्षा एवढे पुरे समजले जाते. या परीक्षांत उमेदवाराला विषय किती येतो हे कळते. तो समोरच्या साठ मुलांना किती पोचवता येईल, हे कळत नाही.

ही उणीव जाणत्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. विद्यापीठांनी नव्या अध्यापकांसाठी नियमित उद्बोधन वर्ग भरवावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालातच सुचविले होते. सूचना अमलात यायला मात्र वीस वर्षे लोटली. १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजांची योजना आखली आणि प्रारंभी देशभर अशी ४८ केंद्रे काढण्याचे ठरले. नवागतांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, असा त्यांचा ढाचा होता. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठातही असे केंद्र उभे राहिले. पुढे २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले, २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे तिसरे नाव आले. पाट्या रंगविणाऱ्यांची सोय झाली; वर्गांचा रंग फारसा बदलला नाही.

याचे मूळ शोधू गेल्यास ते योजनेच्या जन्मातच सापडते. १९८७ चा प्राध्यापकांचा देशव्यापी संप, नव्या वेतनश्रेण्या आणि या वर्गांची सक्ती या गोष्टी एकाच सुमारास आल्या. वर्ग केला तर वरची श्रेणी, नाही तर नाही, असा व्यवहार ठरला. त्या क्षणापासून शिकण्याची जागा प्रमाणपत्राने घेतली. अध्यापक वर्गाला येतो तो आपल्याला काय येत नाही याचा विचार करून नव्हे, तर पदोन्नतीच्या अर्जातील कोणता रकाना रिकामा आहे हे पाहून. त्यास दोष तरी कसा द्यावा? रकाना शासनानेच आखला आहे.

तरीही या वर्गांना सरसकट मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. उदगीर, अंबाजोगाई किंवा सिल्लोड येथल्या महाविद्यालयात मराठीचा एकटा अध्यापक वर्षानुवर्षे एकाच पाठ्यक्रमाशी झुंजत असतो. त्याला आपल्याच विषयाचे तीस-चाळीस सहकारी एकदम भेटतात, ही लहान गोष्ट नव्हे. सकाळची व्याख्याने तो विसरतो. रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर दलित साहित्यापासून लघुशोधप्रबंधाच्या वशिल्यापर्यंत जो वाद रंगतो, तो मात्र तो विसरत नाही. करोनाच्या साथीत हे वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले, मुदतही आखडली आणि नेमका तो ओटाच नाहीसा झाला. आता पडद्यावर नाव चमकते आणि माणूस दुसऱ्या खोलीत चहा घेत असतो.

मराठवाड्याला या बाबतीत स्वतःचा असा एक वारसा आहे. १९५८ मध्ये विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती आणि त्या विद्यापीठाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू होते. मराठीतून मानव्यविद्या शिकविण्याची परंपरा येथल्या अध्यापकांना जवळजवळ पायापासून बांधावी लागली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंदने, विद्यार्थी आणले ते थेट खेड्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून. त्या मुलांना काय आणि कसे शिकवावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. प्राचार्य म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले ते तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख घेऊन. गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ सुरू केले. वर्गातल्या मुलांचे लिहिणे छापण्याच्या योग्यतेचे आहे, हे ओळखणारे अध्यापक तेथे होते. तिकडे नांदेडला पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांभोवती सहकाऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा जो अड्डा जमे, त्याला कोणी प्रमाणपत्र दिले नाही. कुरुंदकरांची विद्वत्ता तरी कोठे पदव्यांच्या पायऱ्यांनी चढत आली होती? अर्थात, कुरुंदकर दर गावी निपजत नाहीत आणि असामान्यांच्या भरवशावर व्यवस्था चालविता येत नाही. परंतु अध्यापक घडतो तो समोरच्या विद्यार्थ्याने उभ्या केलेल्या अडचणीतून, एवढे तरी या उदाहरणांवरून दिसते.

वाळूजची अडचण कोणती, ते पाहावे. गंगापूर तालुक्यातील या गावाचे रूप १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाल्यानंतर पालटले. जालना, बीड, परभणी, बुलढाणा येथून माणसे आली, खानदेशातून आली. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधूनही आली. त्यांची मुले आज कला शाखेच्या बाकावर बसतात. एकाच वर्गात वऱ्हाडी बोलणारा असतो, अहिराणी बोलणारा असतो, दखनी हिंदीत विचार करून मराठीत लिहिणारी मुलगी असते आणि रात्रपाळी संपवून थेट तासाला आलेला तरुण मागल्या बाकावर डोळे ताणून बसलेला असतो. अशा वर्गाला लीळाचरित्रातले गद्य शिकवायचे आहे. त्यातल्या पुष्कळ लीळा याच गोदातीराच्या परिसरात घडल्या; वाळूजहून पैठण काही फार दूर नाही. जवळच्या छोट्या पंढरपुरात आषाढीला लोटणारी गर्दी ही मुले दरसाल पाहतात, पुष्कळदा तिच्यात असतात. मुलांपाशी असलेल्या या भांडवलापासून पाठ्यपुस्तकापर्यंत पूल कसा बांधावा, हा अध्यापकाचा खरा प्रश्न आहे. त्यात आता नवी भर पडली आहे. प्रश्न मोबाइलवर टाकला, की निबंध शुद्ध भाषेत तयार होऊन येतो. तो वाचताना अध्यापकाला कळते की हे मुलाचे नव्हे. पण मुलाचे स्वतःचे लिहिणे काढून कसे घ्यावे, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. उजळणी वर्गात ‘उत्तर आधुनिकता’ असते. हा प्रश्न नसतो.

याहून गंभीर गोष्ट ही, की ज्यांना शिकण्याची सर्वाधिक निकड आहे ते या योजनेच्या बाहेरच राहतात. महाविद्यालयांतील रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि पुष्कळ तास तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात. नियमांनी त्यांना उजळणी वर्गाची दारे बंद केलेली नाहीत. काही काळ अध्यापन केलेल्या हंगामी अध्यापकासही प्रवेश देता येतो. पण ज्याचे मानधन तासावर मोजले जाते, तो दोन-तीन आठवडे तास न घेता खाणार काय? शिवाय त्याला पदोन्नतीच नाही, तेव्हा प्रमाणपत्राचा उपयोगही नाही. नव्या धोरणानुसार बदललेले पदवीचे अभ्यासक्रम, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानपरंपरेचे घटक हे सारे मात्र त्यालाच शिकवावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे समारंभ झाले. ही भाषा पदवीच्या वर्गात शिकविणाऱ्या या माणसाचा उल्लेख त्या समारंभांतून किती वेळा झाला, हे ज्याचे त्याने आठवावे.

उपाय खर्चाचा नाही. कारागिराला यंत्रापाशी शिकवितात, तसे अध्यापकाला त्याच्या वर्गापाशी शिकू द्यावे. विद्यापीठाचे केंद्र वाळूजपासून तासाभराच्याही अंतरावर नाही. वर्षातून काही दिवस त्यानेच येथे यावे. परिसरातील तीन-चार महाविद्यालयांच्या भाषा-अध्यापकांनी एकमेकांच्या तासाला मागे बसावे, नंतर दार लावून मोकळेपणाने बोलावे. आपल्या तासाला सहकारी बसला तर अपमान वाटण्याची जी रीत विद्यापीठीय जगात रुळली आहे, ती आधी सोडावी लागेल, आणि सर्वांत अवघड भाग हाच आहे. वीस उत्तरपत्रिका घेऊन सगळ्यांनी मिळून वाचाव्यात. गुण देण्यासाठी नव्हे, मुलाची अडखळण नेमकी कोठे होते ते पाहण्यासाठी. आणि या बैठकांचे तास तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या मानधनात धरावेत. हे शेवटचे कलम वगळून योजना मंजूर होण्याची शक्यता अधिक; तसे झाले तर बैठकीला पुन्हा तेच लोक येतील, ज्यांचा रकाना रिकामा आहे.

जागेची अडचण सांगण्यात येईल. सकाळच्या सत्रात भरणाऱ्या महाविद्यालयांच्या खोल्या दुपारी, दुसऱ्या पाळीचा भोंगा होण्याच्या सुमारास, रिकाम्याच असतात.