बी पेरून स्ट्रॉबेरी येते का? हैदराबादच्या बाजारातल्या लाल फळाचं कूळ आणि मूळ

हैदराबाद : डिसेंबर उजाडला की मोजमजाही मार्केटपासून कॉलनीतल्या कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत प्लॅस्टिकच्या डब्यांतली स्ट्रॉबेरी दिसायला लागते. यातला बराचसा माल सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर, पाचगणी, वाई, जावळी या पट्ट्यातला. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असा रस्ता कापत तो इथे येतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

याच दिवसांत मोबाईलवर दुसरी एक गोष्ट फिरायला लागते, ती म्हणजे स्ट्रॉबेरीच्या बियांच्या पाकिटांची जाहिरात. कुंडीत पेरा, तीन महिन्यांत टोपलीभर फळं काढा. काही जाहिरातींत तर निळ्या रंगाच्या स्ट्रॉबेरीचे फोटो असतात. हैदराबादमधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आणि सीमाभागातल्या गावांतही अशी पाकिटं पोहोचतात. काहींना ती फक्त हौस असते, पण काही जण एखाद्या गुंठ्यात करून बघू म्हणून पैसे घालतात.

निळ्या स्ट्रॉबेरीचा निकाल एका वाक्यात लागतो. अशी जात जगात नाही, फोटोचा रंग बदललेला असतो. लाल स्ट्रॉबेरीच्या बियांचं प्रकरण मात्र जरा गुंतागुंतीचं आहे. बी खरं असू शकतं, ते उगवूही शकतं. तरी डब्यातल्यासारखं फळ त्यातून मिळेल याची खात्री नाही. असं का, हे समजायला या झाडाचं कूळ बघावं लागतं.

स्ट्रॉबेरी गुलाबाच्या कुळातली. सफरचंद, नासपती, बदाम, आलुबुखार हे सगळे तिचे भाऊबंद. तिच्या वंशाचं शास्त्रीय नाव फ्रागारिया. या वंशात वीसेक जंगली जाती आहेत, त्यातल्या काही आपल्या हिमालयातही उगवतात. फळं बारीक, बोराहूनही लहान, पण वास छान. बाजारातली मोठी स्ट्रॉबेरी या जंगली जातींपैकी कुठलीच नाही. ती संकर आहे, आणि तोही माणसाने ठरवून केलेला नव्हे.

1712 मध्ये फ्रान्सने फ्रेझिए नावाचा एक लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेत पाठवला. काम हेरगिरीचं, किल्ले आणि बंदरांचे नकाशे काढायचं. चिलीत त्याला मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. 1714 मध्ये तो परतला तेव्हा लांबच्या बोटप्रवासातून पाच रोपं जगली होती. पण फ्रान्सच्या बागांत ही रोपं नुसतीच वाढली, फळ धरेना. चिलीच्या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फ्रेझिएने मोठी फळं लागलेली रोपं निवडून आणली, म्हणजे सगळ्या माद्याच! पुढे ब्रिटनी भागात या झाडांशेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची स्ट्रॉबेरी लागली. तिचे परागकण चिलीच्या फुलांवर पडले आणि फळं धरली. त्या बियांतून नवीनच झाड आलं : चिलीच्या फळाचा आकार आणि व्हर्जिनियाचा लाल रंग.

हा उलगडा केला आंत्वान दुशेन या तरुणाने. वयाच्या सतराव्या वर्षी, 1764 मध्ये त्याने चिलीच्या झाडाला दुसऱ्या जातीचे परागकण लावून फळं धरवली आणि ती कुंडी राजा पंधराव्या लुईला दाखवली. 1766 च्या पुस्तकात त्याने सांगितलं की बागेतली नवी स्ट्रॉबेरी म्हणजे चिली आणि व्हर्जिनिया यांचा संकर. फळाला अननसासारखा वास, म्हणून नाव पडलं फ्रागारिया अननासा. आज महाबळेश्वरच्या शेतात असलेलं झाड याच वंशातलं.

आता गुणसूत्रांचा हिशेब बघू. हिमालयातल्या साध्या जंगली स्ट्रॉबेरीच्या पेशीत 14 गुणसूत्रं असतात, म्हणजे सातचे दोन संच. बागेतल्या स्ट्रॉबेरीत असतात 56, म्हणजे सातचे आठ संच. तिचा संपूर्ण जनुकीय आराखडा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. इतके संच आणि त्यात दोन खंडांचं मिश्रण, त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे पत्त्यांचा नवा पिसलेला डाव. एकाच फळातल्या दोन बियांची झाडंही सारखी निघत नाहीत. एखादं आंबट, एखादं बारीक फळाचं, एखादं नुसतंच पानांचं.

इथे कुणीही विचारेल, मग भुईमुगाचं काय? तोही संकरच आहे. हैदराबादलगतच्या पाटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था 1972 पासून आहे, तिथे भुईमुगाच्या हजारो वाणांचा साठा जपलेला आहे. भुईमूग दोन जंगली जातींच्या संकरातून आला, त्याची गुणसूत्रं 40. तरी नांदेड-लातूरचा शेतकरी घरचं बी पेरतो आणि तसाच भुईमूग घेतो. फरक असा, की भुईमुगाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या वाण टिकून राहतो. स्ट्रॉबेरीचा वाण बियांतून टिकत नाही. तो टिकतो रनरमधून.

रनर म्हणजे झाडाच्या बुंध्यातून निघून जमिनीवर पसरणारी आडवी फांदी. तिच्या पेरावर मुळं फुटतात आणि नवीन रोप तयार होतं, अगदी आईसारखंच. महाबळेश्वरचे शेतकरी परदेशातून आणलेली मातृरोपं लावतात, त्यांच्या रनरपासून रोपं करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतात लावतात. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कामारोसा ही नावं तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात ती याच वाणांची. या नावाने कुणी बी विकत असेल तर तो व्यवहार तिथेच थांबवलेला बरा. परदेशातून पोस्टाने बी मागवणं तर आणखी भानगडीचं. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला परवाना लागतो.

नर्सरीतून रोप घेतानाही एक खूण पाहावी. स्ट्रॉबेरीची तीन दलांची पानं, जमिनीवरचे रनर, लाल फळ, हे सगळं असलेलं दुसरंही एक झाड आहे. त्याचं फूल पिवळं असतं, स्ट्रॉबेरीचं पांढरं. पिवळ्या फुलाचं फळ विषारी नाही, पण चवीला पाणचट. या झाडाला पूर्वी दुशेनिया इंडिका म्हणत, म्हणजे त्या सतरा वर्षांच्या पोराचंच नाव दिलं होतं. आता ते दुसऱ्या वंशात टाकलं आहे.

नावांचा घोळ फळातही आहे. नावात बेरी असली तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने स्ट्रॉबेरी ही बेरी नाही. टोमॅटो, वांगं, द्राक्ष, केळं या खऱ्या बेरी! स्ट्रॉबेरीचा लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ, ज्याला पुष्पासन म्हणतात. वर दिसणारे पिवळट दाणे हीच खरी फळं, प्रत्येकात एक बी. हैदराबादेत रसभरी मागितली तर मिळते ती पिवळी गूजबेरी, वांग्या-टोमॅटोच्या कुळातली. महाबळेश्वरला त्याच गाड्यावर मिळणारी तुती तिसऱ्याच कुळातली, वड-पिंपळाच्या.

हे दाणे नुसते शोभेचे नाहीत. प्रत्येक दाण्यात परागण झालं तरच त्याच्याभोवतीचा गर फुगतो. दाणे काढून टाकले तर गर वाढत नाही, हे 1950 मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं. म्हणून वाकडी, एका बाजूने दबलेली स्ट्रॉबेरी दिसली तर समजायचं, त्या बाजूला मधमाशी पोहोचली नाही. गच्चीबावलीच्या दहाव्या मजल्यावर मधमाश्या फार येत नाहीत. तिथे मऊ ब्रश फुलावर हलक्या हाताने फिरवावा लागतो.

महाबळेश्वरात लावले जाणारे बहुतेक वाण छोट्या दिवसाचे. दिवस लहान आणि हवा गार झाली की त्यांना फूल येतं. हैदराबादच्या हिवाळ्यात हे जमून जातं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये रनरचं रोप लावलं तर कुंडीतही फळ धरतं. मार्चनंतर ऊन चढलं की झाड दमतं, एप्रिल-मेमध्ये त्याला नुसतं जगवावं लागतं.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आंबा, केळं काढल्यावर पिकतं, स्ट्रॉबेरी नाही. तोडली तेव्हा जेवढी गोड तेवढीच राहते, नंतर रंग थोडा चढतो इतकंच. देठाजवळ पांढरी असलेली फळं दोन दिवस ठेवून गोड होतील, असं गाडेवाला सांगत असेल तर डबा उलटा करून खालच्या थराचा रंगही बघून घ्यावा.