चिखलातलं बाळ आणि कणकेची बाहुली

मागच्या आठवड्यात आपण ग्रिम बंधूंच्या जंगलात होतो. सावत्र आया, कुऱ्हाडी, पेटलेल्या भट्ट्या. ते वाचून कुणालाही वाटेल की असल्या काळ्याकुट्ट गोष्टी तिकडच्या. आपल्याकडे आटपाट नगर, आवडती-नावडती राणी आणि शेवटी सगळं गोड. म्हणून या वेळी ढोकीला जाऊ.

ढोकी हे धाराशिव जिल्ह्यातलं, कुर्डुवाडी-लातूर रेल्वेवरचं गाव. बाहेरच्या माणसाला ते माहीत असतं तेरणा साखर कारखान्यामुळे. शेजारी तेर. वारकरी ही दोन्ही नावं एका दमात घेतात, तेरढोकी, कारण हा गोरोबाकाकांचा, म्हणजे संत गोरा कुंभारांचा मुलूख. तेर म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं जुनं तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या आहेत. दोन हजार वर्षं मातीला आकार देणाऱ्या या गावाची सर्वांत भयंकर गोष्टही मातीचीच आहे.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि म्हणूनच कुणी ती नीट ऐकत नाही. संती पाण्याला जाते आणि रांगतं मूल नवऱ्यावर सोपवते. गोरा कुंभार आळ्यात माती तुडवतोय, तोंडात विठ्ठलाचं नाव, डोळे मिटलेले. मूल बापाकडे रांगत येतं, चिखलात शिरतं, पायाखाली सापडतं. बापाला कळतच नाही. संती परतते तेव्हा चिखल लाल झालेला असतो. महिपतीने 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तिविजया’त हे आख्यान आहे आणि तिथून ते घराघरात गेलं.

पुढचा भाग लहान मुलांना सांगताना आपण गाळतो. संती आक्रोश करत विठोबालाच बोल लावते. गोरोबा संतापून तिच्यावर धावतात. ती विठोबाची शपथ घालते, मला हात लावायचा नाही. ते शपथ पाळतात, इतकी की संसारच थांबतो. वंशासाठी तिची बहीण रामी दुसरी बायको म्हणून घरात येते. सासरा सहज बोलून जातो की दोघींना सारखंच वागवा, आणि गोरोबा ते अक्षरशः पाळतात. मग एका रात्री दोघी बहिणी झोपलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ठेवतात. जाग आल्यावर शपथ मोडली म्हणून गोरोबा स्वतःचे हात तोडून टाकतात.

एवढंच सांगून कुणी थांबला, तर त्याला भयकथाकारच म्हणावं लागेल. ना भूत, ना चेटूक. मारणारा पाय बापाचा, आणि तो पाय आंधळा झालाय तो भक्तीने. ग्रिमांनी आपल्या पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये काही क्रूर आया बदलून सावत्र केल्या, म्हणजे वाचकाला राग काढायला परकं माणूस मिळालं. आपल्या गोष्टीने ही सोय ठेवलेली नाही. ऐकणाऱ्याच्या मनातलं बोलते ती एकटी संती, आणि परंपरेने तिला बराच काळ भांडखोर बायकोच्या जागी बसवलं. मला विचाराल तर या कथेची नायिका तीच.

कीर्तनकार चिखलाच्या प्रसंगाची जागा घाईने उरकत नाही. मूल उंबऱ्याबाहेर आलं की तो थबकतो, मृदंगाला खूण करतो आणि अभंग सुरू करतो. श्रोत्यांना पुढचं ठाऊक, गोरोबांना नाही. चाल जितकी गोड तितका इकडे पोटात गोळा. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, मग भीती आपोआप ताणली जाते, हे तत्त्व चित्रपटवाले हिचकॉकच्या नावावर सांगतात. आमच्या बुवांनी ते फडावर वापरून वापरून गुळगुळीत केलंय.

सिनेमालाही ही गोष्ट सोडवली नाही. जेमिनी स्टुडिओचा तमिळ ‘चक्रधारी’ 1948 साली आला, त्यात नागय्या गोरोबा होते. कन्नडमध्ये 1974 साली राजकुमार ‘भक्त कुंभार’ झाले, तेलुगूत 1977 साली अक्किनेनी नागेश्वर राव. मराठीत अशोकजी परांजपे यांचं संगीत नाटक आहे, अभिषेकीबुवांच्या चालींचं. पण यातल्या एकालाही कुणी भयपट किंवा भयनाट्य म्हटलं नाही. कारण शेवट. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात सगळे टाळ्यांसाठी हात वर करतात, गोरोबा थोटे हात उचलतात आणि त्यांना पंजे फुटतात. संती धावा करते आणि मूल रांगत पुढे येतं. गेलेलं सगळं परत मिळतं, आणि आधीचा थरकाप भक्तीच्या खात्यावर जमा होतो.

ग्रिमांकडेही हात परत येतात बरं का. त्यांच्या एका कथेत गिरणीवाला धनाच्या मोहाने सैतानाशी करार करतो आणि त्यापायी पोटच्या मुलीचे हात तोडतो. तिच्या सत्त्वामुळे पुढे ते पुन्हा उगवतात. या कथेवर सेबास्तियां लोदनबाख यांनी 2016 साली फ्रेंच चित्रपट केला, कुंचल्याच्या अर्धवट फटकाऱ्यांतून हलणारा. दुसऱ्या एका कथेत सावत्र आई मुलाला मारून बापाच्या ताटात वाढते. तो मुलगा पक्षी होतो, तिच्यावर जातं टाकून तिला चिरडतो आणि पुन्हा माणूस होऊन घरी येतो. तिकडे परतफेडीबरोबर सूडही लागतो. तेरच्या गोष्टीत सूड नाही. घ्यायचा तरी कुणावर?

आता हीच परतफेड काढून घ्या. मग उरतो तो 12 ऑक्टोबर 2018 रोजी आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. भाषा हिंदी, पण वाडा, सोवळं, पाऊस सगळं मराठी. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि बीज नारायण धारपांच्या एका कथेत, जी बर्वे यांना मित्राने नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली होती. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनं मिळालं, अन्नावर हात टाकताना मार बसला, आणि कुणी कधी त्याची पूजा करणार नाही या अटीवर आईने त्याला पोटात लपवलं. तो कायमचा भुकेला. चित्रपटाचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन विहिरीतून त्या गर्भात उतरतो, हस्तर बाहुली खातो तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मुद्रा ओढतो, आणि पुढे ही विद्या मुलाला शिकवतो. त्या मुलाचं नाव पांडुरंग.

तेरच्या गोष्टीत बाप देवात बुडालेला, इथे सोन्यात. तिथे पांडुरंग मूल परत देतो, इथे पांडुरंग नावाच्या मुलालाच बाप विहिरीच्या तोंडाशी नेतो. हे बर्वे यांनी मुद्दाम केलं असो वा नसो, मराठी कानाला ते टोचल्याशिवाय राहत नाही. शेवटी मुलगा बापाच्या हातचं सोनं नाकारतो आणि शापित बापाला अग्नी देतो. काहीही परत येत नाही. पहिल्या वेळी चित्रपटगृहांत फारसा न चाललेला हा चित्रपट 13 सप्टेंबर 2024 रोजी पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.

भक्तिकथा आणि भयकथा यांच्यातला फरक रक्ताच्या प्रमाणात शोधू नये, असं माझं मत यातून पक्कं झालं. गोरोबांच्या आख्यानात ‘तुंबाड’पेक्षा जास्त क्रौर्य आहे. पण तिथे परत देणारा कुणी आहे आणि इथे नाही, म्हणून एक ऐकून आपण टाळी वाजवतो आणि दुसरा पाहून गप्प घरी जातो. तेरढोकीच्या गोष्टीवर आजचा एखादा मराठी दिग्दर्शक चित्रपट करणार असेल, तर त्याने चमत्कार ठेवावा, पण कॅमेरा संतीबरोबर पाणवठ्यावरून घरी आणावा.

पुढच्या आठवड्यात चिलया बाळ, चांगुणा आणि उखळ. तमिळ सिरुत्तोंडरपासून ‘शिवलीलामृता’पर्यंत ही गोष्ट कशी फिरली ते पाहू. तोवर एक विनंती. घरात चांगुणेच्या ओव्या म्हणणारी आजी किंवा आत्या असेल, तर तिच्याजवळ बसा आणि ओव्या मोबाइलवर टिपून घ्या. पोथी दुकानात मिळेल, या ओव्या नाही मिळायच्या.