नेपल्सच्या धक्क्यावर भोकरदनची ओळख

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या वेळापत्रकात नेपल्सच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि संध्याकाळी निघते. उतरण्याचा वेळ आणि जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी परत हजर राहण्याची ताकीद वजा केली, तर प्रवाशाच्या हातात सहा-सात तास उरतात. अडीच हजार वर्षांच्या शहराला सहा-सात तास म्हणजे काहीच नाही, म्हणून अशा थांब्यांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. माझे मत तसे नाही. एका वस्तूसाठी उतरायचे ठरवले, तर हा वेळ पुरतो; आणि जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या माणसासाठी नेपल्समध्ये अशी एक वस्तू आहे. पाँपेईच्या ढिगाऱ्यात सापडलेली ती हस्तिदंती मूर्ती भारतातून तिकडे गेली, आणि तिच्याशी जवळचे नाते सांगणारी दुसरी मूर्ती आपल्या भोकरदनला निघाली.

पाँपेईतली मूर्ती 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात मिळाली. जिथे ती सापडली, ते घर आजही ‘भारतीय मूर्तीचे घर’ म्हणून ओळखले जाते. उंची जेमतेम वीतभर, सुमारे 24 सेंटिमीटर. दागिन्यांनी मढलेली एक स्त्री मधोमध उभी आहे आणि दोन्ही बाजूंना दोन लहान सेविका आहेत. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे अनेक अभ्यासकांचा कल ती यक्षी असावी असे मानण्याकडे झुकला. डोक्यात वरून भोक पाडलेले असल्याने ती छोट्या मेजाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असे अंदाज आहेत. पण तिचे खरे महत्त्व काळाच्या पुराव्यात आहे. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले, तेव्हा ही मूर्ती त्याआधी कोरली गेली आणि त्याआधीच इटलीला पोहोचली, हे निर्विवाद आहे. प्राचीन भारतीय कलावस्तूंपैकी फार थोड्यांना इतकी पक्की कालमर्यादा लाभली आहे.

आता भोकरदनकडे वळू. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी 1973 मध्ये इथे उत्खनन केले आणि शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. जालना जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, तो 1 मे 1981 रोजी झाला. त्यामुळे जुन्या लिखाणात भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात दिसते. या उत्खननात एक भग्न हस्तिदंती मूर्ती मिळाली. मध्ये स्त्री आणि बाजूला सेविका ही तिची मांडणी पाँपेईच्या मूर्तीशी इतकी जुळते, की अभ्यासकांनी लगेच दोघींची तुलना सुरू केली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही याच घडणीची हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. आपल्या गावाचे नाव दूरदेशीच्या दगडावर कोरून घेणारी माणसे जिथे होती, ते गाव आडवाटेचे खेडे असणे शक्य नाही. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे ते नांदते नगर होते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. पाँपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधार प्रदेशातली लिपी. शिवाय अफगाणिस्तानात बेग्रामला हस्तिदंती कामाचा मोठा साठा सापडला आहे. मग मूर्ती दख्खनची कशावरून? आक्षेप वजनदार आहे, आणि ही मूर्ती भोकरदनलाच घडली असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा आज कुणाकडेही नाही. पण एका अक्षराने कारागिराचे गाव ठरत नाही. ती खूण हाताळणाऱ्या व्यापाऱ्याची असू शकते किंवा वायव्येकडून आलेल्या कारागिराचीही. उलट भोकरदन आणि तेर या सातवाहनांच्या मुलखातल्या दोन ठिकाणी त्याच घडणीच्या मूर्ती निघाव्यात, हा पुरावा बाजूला सारता येत नाही. ‘ही आमचीच’ असा हट्ट न धरताही ‘या कलेशी आमच्या गावाचा संबंध होता’ एवढे म्हणण्याचा हक्क भोकरदनला नक्की आहे, आणि तेवढ्यावर माझा मुद्दा उभा राहतो.

कारण या संबंधाची वाटही लिखित पुराव्यात सापडते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवले आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला जाई, आणि भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात हस्तिदंतही होते. तिथून जहाजे वाऱ्यावर विसंबून तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांना जात. मग उंटांवरून नाईल नदी, नदीतून अलेक्झांड्रिया आणि तिथून इटली. अलेक्झांड्रियाची मोठी जहाजे त्या काळी नेपल्सच्या शेजारच्या पुतेओलीला, म्हणजे आजच्या पोत्सुओलीला लागत. मूर्तीही बहुधा तिथेच उतरली असावी. भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने केली होती. तोच प्लिनी नेपल्सच्या आखातातल्या आरमाराचा प्रमुख होता आणि व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला. बंदराचा इतिहास असा धक्क्यापासून शेकडो कोस आत, बैलगाड्यांच्या वाटांवर सुरू होतो. जालन्याजवळच्या ड्रायपोर्टमुळे जिल्हा पहिल्यांदाच समुद्राशी जोडला जातो आहे असे वाटत असेल, तर हे ध्यानात घ्यावे.

यावर कुणी म्हणेल, नेपल्सला उतरून पाँपेई सोडायचे? जहाजावरच्या सहली तर पाँपेई किंवा काप्री बेटालाच नेतात. पाँपेईचे रस्ते आणि घरे पाहण्याजोगी आहेत, यात वाद नाही. पण तिथे सापडलेल्या उत्तमोत्तम वस्तू नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. धक्क्यासमोरच्या म्युनिचिपिओ स्थानकातून मेट्रोने तिसरे स्थानक ‘म्युझेओ’. दोन-अडीच तासांत मूर्ती, भित्तिचित्रे आणि मोझेक नीट पाहून होतात. ज्यांचे पाय चालते आहेत, त्यांनी मग लोकल गाडीने पाँपेई गाठावे. मात्र स्वतंत्रपणे फिरणाऱ्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही, म्हणून परतीचा हिशेब मोकळ्या हाताने करावा. आणखी एक गोष्ट कुटुंबाबरोबर जाणाऱ्यांना आधी ठाऊक असलेली बरी: ही मूर्ती ‘गुप्त दालन’ नावाच्या, रोमन शृंगारिक वस्तूंच्या कक्षात ठेवलेली आहे. तिच्यासारख्या कलाकृतीला ही जागा योग्य आहे असे मला वाटत नाही. तिची जागा भारताशी झालेल्या व्यापाराच्या पुराव्यांत हवी.

सुट्टीत एवढा अभ्यास कशाला, हा प्रश्नही विचारला जाईल. अभ्यास फारसा नाहीच. निघण्यापूर्वी एक दिवस काढून भोकरदनला जावे, केळणेच्या काठची लेणी पाहावीत, आणि ज्या गावातून बाजाराला जाताना आपण कधी थांबलो नाही, तिथे थोडा वेळ थांबावे. जिल्ह्यातल्या शाळांनी मुलांना ही मूर्ती चित्रातून तरी दाखवावी, आणि युरोपच्या सहली नेणाऱ्या मराठी प्रवास कंपन्यांनी नेपल्सच्या दिवशी संग्रहालयाचा पर्याय ठेवावा. आरक्षण करताना तेवढा वार मात्र पाहून घ्या: नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी बंद असते.